बाटल्यांचं पोतं

“टाक पोत्यात.”

“अवो, एक घोट तरी घेऊ दे.”

“घोट नाई न काही नाई. टाक म्हणलं ना!”

कुंदा कापगतेनं एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बाटली पोत्यात टाकली. तांदळाचं रिकामं पोतं होतं ते. शाळेच्या फाटकापुढं टेम्पो उभा होता. सव्वीस जानेवारीची सकाळ, नुकतं उजाडलेलं, आणि थंडी अशी की बोलताना प्रत्येकीच्या तोंडातून वाफ निघत होती. मी, रोहिणी बावणे, दहावी ब, शाळेच्या मुलींच्या बँड पथकाची ड्रम मेजर, म्हणजे सगळ्यांत पुढं चालणारी, टेम्पोच्या मागच्या फळीपाशी उभी राहून एकेकीच्या हातचं पाणी काढून घेत होते. ऐटीत होते. खांद्यावर सोनेरी झालर, कमरेला लाल पट्टा, हातात चकचकीत दंडा. सोळाव्या वर्षी माणसाला एवढं पुरतं.

हा नियम कुथे सरांचा नव्हता. सर आम्हाला पी.टी. आणि बँड शिकवायचे, मनानं चांगले होते, पण असल्या गोष्टी त्यांच्या डोक्यातच शिरत नसत. नियम मुलींचा होता. खरं सांगायचं तर माझा होता. संचलन जिल्ह्याच्या मैदानावर असायचं, आणि तिथं मुलींसाठी साधा आडोसासुद्धा नव्हता. मुलं भिंतीपलीकडे जाऊन येत, आणि आम्ही सकाळी आठपासून दुपारपर्यंत पाय आवळून उभ्या. आदल्या वर्षी मी रांगेत साइड ड्रम वाजवत होते. पाहुण्यांना यायला उशीर झाला, आणि मानवंदनेच्या मंचापासून वीसेक पावलांवर माझा पांढरा स्कर्ट ओला झाला. मी वाजवणं थांबवलं नाही, पाय चुकवला नाही. पण मागून मुलांच्या शाळेचं पथक येत होतं आणि त्यांनी पाहिलं. तेव्हापासून वर्षभर माझं नाव ‘ठिबक’. आमच्याकडे घरोघरी ठिबक सिंचनाची पत्रकं वाटली होती त्या साली, त्यामुळं विनोद अगदी तयारच होता. बाजारात उभी असले की मागून कोणीतरी म्हणायचं, “सरकारी योजना आली बे!” अशा गोष्टी आठवून पुढं हसू येतं म्हणतात. मला अजून आलेलं नाही.

म्हणून यंदा मी ड्रम मेजर झाल्याबरोबर सगळ्यांना बजावलं होतं. संचलनाच्या आदल्या संध्याकाळी सातनंतर पाण्याचा थेंब नाही. बाटल्या जमा. संचलन संपलं की हवं तेवढं प्या, फुटेस्तोवर प्या. अठरा मुलींतल्या एकीनंही तोंड वर करून विचारलं नाही, कारण माझं जे झालं ते आपलं होऊ नये असं प्रत्येकीलाच वाटत होतं.

सगळ्यात शेवटी दर्शना आली. दर्शना मडावी, आमची मोठा ड्रम वाजवणारी. अंगानं काडी. ड्रम गळ्यात अडकवला की समोरून नुसता ड्रमच चालत येतोय असं वाटायचं. पण तिच्या ठोक्यावर आम्हा सगळ्यांचा डावा पाय पडायचा, आणि तो ठोका कधी म्हणजे कधी हलायचा नाही. मंचापुढून जाताना घाबरून सगळ्याच पथकांचा वेग वाढतो. दर्शना असली की आमचा वाढत नसे.

तिच्या हातात दोन लिटरची बाटली होती, वरून ओलं फडकं गुंडाळलेली.

“रोहिणी,” ती हळूच म्हणाली, “माही राहू दे.”

“सगळ्यांपुढं कशी राहू देऊ?”

“तुले माहीत हाय ना.”

मला माहीत होतं.

दिवाळीनंतर ती आठ दिवस सरावाला आली नव्हती. तिच्या दांड्या नेहमीच्याच होत्या, मुली तिला कामचोर म्हणायच्या, आणि सरांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, “आता एक जरी दांडी मारली तर ड्रम कापगतेकडे.” कुंदा कापगतेला ड्रम दिला की तिचा हात तिच्याही आधी मंचावर पोचायचा. म्हणून मी दर्शनाच्या घरी गेले, चांगली खरडपट्टी काढायची म्हणून. तिची आई राइस मिलमध्ये कामाला गेली होती. दर्शना खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती आणि गुडघ्यांवर फडक्यात बांधलेली गरम वीट होती.

“काय सोंग हाय हे?” मी दारातूनच म्हणाले.

तिनं उशाखालून सरकारी दवाखान्याचं लाल कार्ड काढून माझ्या हातात दिलं. त्यावर तिचं नाव होतं आणि खाली सिकलसेल लिहिलेलं होतं. आमच्या भागात हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो आणि आपल्या घराबद्दल कोणी उच्चारत नाही.

“हाडं फुटतेत वो,” ती म्हणाली. “डॉक्टरनं सांगतलं, थंडीत राहायचं नाई, दमायचं नाई, पाणी खूप प्यायचं. पाणी कमी पडलं का रक्त अटकते म्हणे आतमधी.”

“अन् तू मोठा ड्रम वाजवतं?”

“मंग काय करू? आईनं शपथ घातली, कोणाले सांगू नको, लग्न नाई होणार. मले लग्नाचं काही नाई. पण सरले समजलं तर ते ड्रम काढून घेतील. दुसरं काय हाय माह्याजवळ?” मग माझा हात धरून म्हणाली, “फक्त तुले सांगतलं. कोणाले सांगशील नको.”

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. मैत्रीण म्हणून घेतली, हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की तिच्याशिवाय संचलनात आमचा नंबर येणार नाही हे मला पक्कं कळत होतं. आणि मला नंबर हवा होता. त्याच मैदानावर, त्याच मुलांच्या नाकावर टिच्चून.

तर टेम्पोपाशी ती बाटली छातीशी धरून उभी होती, आणि मागून कुंदा म्हणाली, “तिची काऊन नाई घेत? आमच्या घशाले कोरड नाई पडत का? का ती तुही लाडाची हाय?”

सतरा जणी बघत होत्या. कारण सांगता येत नव्हतं आणि कारण न सांगता सवलत देता येत नव्हती. मी हात पुढं केला. दर्शनानं बाटली दिली.

“वाटेत देतो चोरून,” मी तिच्या कानात पुटपुटले.

वाटेत काही जमलं नाही. पोतं पुढं केबिनमध्ये सरांच्या पायाशी होतं आणि आम्ही मागं उघड्या टेम्पोत, चाळीस किलोमीटर वाऱ्यात. दर्शना दोन्ही हात काखेत घालून ड्रमच्या आडोशाला बसली होती. सर उतरताना म्हणाले, “हे पोतं मागं ठेवा गं, माहे पाय आखडले.” म्हणून पोतं मागं आलं आणि टेम्पो मैदानाबाहेर बाभळीखाली लागला.

झेंडावंदन सव्वानऊला व्हायचं होतं. पाहुणे आले अकरा वाजून दहा मिनिटांनी. तोवर सगळी पथकं रांगा धरून उभी. ऊन चढलं तसं आधी बरं वाटलं, मग टोचायला लागलं. जीभ टाळूला चिकटत होती. पण कोणीही चुळबुळ करत नव्हतं, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

दहाच्या सुमारास दर्शनानं मला हाक मारली. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि त्यांवर भेगा दिसत होत्या.

“दोन घोट आणून दे. छातीत दुखून राहिलं.”

“ड्रम खाली ठेव थोडा वेळ.”

“ठेवला तर उचलता नाई येणार. पाणी आण वो.”

मी सरांना सांगून निघाले. दंड्याचा गोंडा सुटलाय, दोरा टेम्पोत आहे, असं काहीतरी सांगितलं. बाभळीखाली आले. टेम्पोची मागची फळी खाली पाडलेली होती. पोत्याचं तोंड सोडलं, तिची फडक्याची बाटली ओळखून काढली, अंगरख्याच्या आत घातली आणि परत फिरले. लांबून दिसेल असा फुगवटा पोटावर आला होता. मैदानाच्या कडेला कठड्यावर मुलांच्या शाळेची पोरं बसली होती, पाय हलवत, शेंगदाणे खात. त्यांनी मला ओळखलं.

“ठिबक! टाकी भरून राहिली का वो?”

दुसरा म्हणाला, “यंदा मोटार बसवली वाटते पोटाले!”

सगळे हसले. त्यांतल्या एकाचंही नाव आज मला आठवत नाही. मी तिथंच वळले. पाय आपोआप वळले असं लिहिण्याचा मोह होतो, पण मीच वळले. टेम्पोपाशी गेले, बाटली पोत्यात टाकली आणि पोत्याचं तोंड पूर्वीपेक्षा घट्ट बांधलं.

“काय झालं?” दर्शनानं विचारलं.

“टेम्पोले कुलूप हाय. ड्रायव्हर चाय प्यायला गेला.”

जीभ ओठांवरून फिरवून तिनं ड्रम गळ्यात नीट केला.

“अर्ध्या तासाची गोष्ट हाय,” मी म्हणाले. “मंग पूर्ण बाटली तुही.”

अर्ध्या तासाचा दीड तास झाला. झेंडा, भाषण, मग पोलीस, मग होमगार्ड, मग आम्ही. मी दंडा वर केला, खाली आणला, आणि माझ्या मागून दर्शनाचा पहिला ठोका आला. ड्रम मेजरनं मागं बघायचं नसतं. मला फक्त ऐकू येत होतं. आणि जे ऐकू येत होतं ते इतकं बिनचूक होतं की मला रडू यायला लागलं, आनंदानं. कठड्यावरची पोरं गप्प होती. मंचापुढं आले, दंडा फिरवला, मान उजवीकडे वळवली, आणि एका क्षणासाठी मला वाटलं की गेलं अख्खं वर्ष कोणीतरी पुसून टाकलं. मंच मागं पडला. मैदानाच्या टोकाला वळण घेतलं. ठोका तसाच. मी थांबण्याची खूण केली आणि तो थांबला.

मग मी मागं पाहिलं. सगळ्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. दर्शना एकटीच ड्रमसकट उभी होती, काडी वर धरलेली, डोळे पिवळट आणि माझ्या पलीकडे कुठंतरी पाहत असलेले. कुंदानं तिचा ड्रम उतरवला तशी ती ड्रमबरोबरच खाली आली.

सरांनी तिला उचलून दवाखान्याच्या तंबूत नेलं. नुसत्या हातांवर नेलं, एवढंसंच तिचं वजन. तिथं एक सिस्टर होत्या. त्यांनी नाडी पाहिली, पापणी खाली ओढून पाहिली.

“हिला आधीची काही बिमारी आहे का?”

“नाई बाई,” सर म्हणाले, “उपाशी येतेत ह्या पोट्ट्या. चक्कर आली असंन.”

सिस्टर माझ्याकडे वळल्या. “तू मैत्रीण का हिची? तुला काही बोलली होती? कसलं औषध, गोळ्या?”

दर्शना माझ्याकडे बघत होती. तिला बोलता येत नव्हतं, श्वास वरच्यावर घेत होती. ती नजर ‘सांग’ म्हणत होती की ‘सांगू नको’ म्हणत होती, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. त्या वेळी मात्र मी मला सोयीचा अर्थ घेतला. कारण बिमारी सांगितली असती तर पुढचा प्रश्न आला असता, की मग माहीत असून हिचं पाणी का काढून घेतलंस?

“नाई,” मी म्हणाले. “काही नाई बोलली.”

सिस्टरनी साखर-मीठ घातलेलं पाणी पाजलं आणि सावलीत झोपवायला सांगितलं. आम्ही तिला टेम्पोत नेलं, खाली सगळ्यांचे अंगरखे पसरले. मी पोतं सोडलं, तिची बाटली तोंडाला लावली. ती घटाघटा प्यायली आणि सगळं उलटून पडलं. पुन्हा प्यायली. मग डोकं मागं टाकून तिनं टेम्पोकडे पाहिलं, त्या पाडलेल्या फळीकडे, वरच्या उघड्या आभाळाकडे.

“ह्याले कुलूप कुठं लागते वो?” ती म्हणाली.

मी बाटलीचं झाकण लावत राहिले.

तेवढ्यात लाउडस्पीकरवर आमच्या शाळेचं नाव पुकारलं. पहिला क्रमांक. मुली किंचाळल्या, सर माझ्या नावानं हाका मारत आले, आणि ढाल घ्यायला मी गेले. मोठ्ठी ढाल होती. मी ती दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि फोटो निघाला. फोटोत मी हसतेय. तो फोटो शाळेच्या ऑफिसात बरीच वर्षं होता.

परत येताना तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती कण्हत होती आणि मुलींना वाटत होतं की टेम्पोच्या धक्क्यानं कण्हते. घरी पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. तिच्या आईनं तिला पाहिलं मात्र, काही न विचारता शेजाऱ्याची मोटरसायकल काढायला लावली आणि कार्ड घेऊन दवाखान्यात गेली. सकाळी तिथून जिल्ह्याला पाठवलं. ॲम्ब्युलन्स वैनगंगेच्या पुलापर्यंत पोचली होती म्हणतात.

पाणी वेळेवर मिळालं असतं तर ती वाचली असती का? मी पुढं दोन डॉक्टरांना विचारलं, माझं नाव न लावता. एक म्हणाले, कदाचित. दुसरे म्हणाले, थंडीतच नेऊ नये अशा मुलीला, पाण्याचं काय घेऊन बसलात. मी दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं बरेच दिवस घट्ट धरून बसले. मग लक्षात आलं की नेलं तेही मीच.

पाचव्या दिवशी सर आम्हाला तिच्या घरी घेऊन गेले. अंगणात सतरंजी टाकली होती. दर्शनाची आई भिंतीला टेकून बसली होती, राइस मिलचा कोंडा अजून तिच्या केसांत होता. बाटल्या जमा केल्याचं तिच्या कानावर आलंच होतं. तिनं सरांना काही विचारलं नाही, कुंदाला विचारलं नाही. मलाच जवळ बोलावलं.

“पोरी, एक सांग. तुले बोलली होती का ती? बिमारीचं?”

माझ्यामागं सगळ्या मुली बसल्या होत्या. सर होते. सरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“नाई काकू.”

“एका शब्दानं पण नाई?”

“नाई.”

तिनं मान हलवली, हळूहळू, बराच वेळ. “हाव. मीच शपथ घातली होती तिले. कोणाले सांगशील तर माह्या मेल्याचं तोंड पाहशील, म्हणलं. माही पोर शब्दाची पक्की निघाली.” मग माझा गाल कुरवाळून म्हणाली, “तुले मालूम असतं तर तू तिले तहानेनं मरू दिलं असतं का? सख्खी बहीण होती तू तिची. माह्यामुळंच झालं हे. माह्यामुळंच.”

सर म्हणाले, “असं नका म्हणू बाई.” मला वाटलं, आज राहू दे, उद्या सांगू. एकटी येऊन सांगू. उद्याचा परवा झाला, मग दहावीची परीक्षा आली.

त्याला आता चौदा वर्षं झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, दोन मुलांची आई आहे. माझ्या वर्गातल्या पोरांना मी तासाला दोनदा पाणी प्यायला सोडते आणि मुख्याध्यापक माझ्यावर चिडतात. एवढ्यानं काही फिटत नाही हे मला कळतं.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत सिकलसेल तपासणीचं शिबिर होतं. आरोग्य खात्याच्या लोकांबरोबर एक म्हातारी बाई आली. मी तिला लगेच ओळखलं, तिनंही मला. ती अशा शिबिरांना गावोगाव जाते, कोणी बोलावलं तर जाते, नाही बोलावलं तरी जाते. पोरं आणि आया व्हरांड्यात बसल्या होत्या. ती उभी राहिली आणि बोलू लागली. बोलणं पाठ झालेलं होतं, पण आवाज पाठ झालेला नव्हता.

“बिमारी लपवू नका बायांनो. मी लपवली. पोरीले शपथ घातली, कोणाले सांगू नको. तिनं कोणालेच नाई सांगतलं. तहानेनं व्याकूळ झाली न गेली. माह्या हातानं गेली माही पोर.” मग तिनं मला शोधलं आणि हात केला. “ह्या बावणे मॅडम. माह्या दर्शनाच्या जिवाच्या मैत्रीण. ह्याइले पण नाई सांगतलं तिनं. ह्याइले मालूम असतं तर आज माही पोर असती. उभ्या राहा ना मॅडम, सगळ्याइले दिसू द्या.”

मी उभी राहिले. कोणीही उभं राहिलं की टाळ्या वाजवायच्या, हे पोरांना मीच शिकवलं होतं. त्यांनी वाजवल्या.